नेटवर्क बांधण्याआधी जनुक-अभिव्यक्तीचे आकडे कसे समायोजित करावेत

एकमेकांशी काहीही देणेघेणे नसलेली दोन जनुके घ्या. निम्मे नमुने एका महिन्यात आणि उरलेले निम्मे पुढच्या महिन्यात सिक्वेन्सिंगला गेले, आणि दुसऱ्या खेपेत काही तांत्रिक कारणाने दोन्ही जनुकांची पातळी दोन प्रमाण विचलनांनी वर सरकली, असे धरू. प्रत्येक खेपेच्या आतले प्रसरण, म्हणजे आकड्यांचा पसारा (व्हेरियन्स), 1 आहे. दोन खेपांच्या सरासऱ्यांमधल्या फरकामुळे त्यात आणखी 1 ची भर पडते. म्हणजे एकूण प्रसरण 2, सहप्रसरण 1, आणि जो सहसंबंध शून्य असायला हवा होता तो 0.5. आता हे आकडे डब्ल्यूजीसीएनए या, सहसंबंधांवरून जनुकांचे जाळे बांधणाऱ्या पॅकेजच्या साइन्ड नेटवर्कमध्ये (जिथे जोडीचे वजन म्हणजे सहसंबंधात 1 मिळवून 2 ने भागलेल्या आकड्याचा घात) बाराव्या घाताने घातले, तर खरोखर असंबद्ध असलेल्या जोडीचे वजन सुमारे 0.00024 येते आणि आपल्या या जोडीचे सुमारे 0.032, म्हणजे जवळजवळ 130 पट. शिवाय अशा खेपेचा, म्हणजे बॅचचा, परिणाम दोनच जनुकांवर कधी होत नाही, तो हजारोंवर एकदम होतो. ती हजारो जनुके मग एकमेकांना घट्ट धरून एक देखणे, मोठे मॉड्यूल, म्हणजे एकत्र हलणाऱ्या जनुकांचा पुंजका, तयार करतात, आणि आपण त्याचा जैविक अर्थ शोधत बसतो.

दोन गटांतील जनुकांची तुलना करताना ही अडचण तुलनेने सोपी असते, कारण तिथे बॅच हा एक चल म्हणून मॉडेलमध्येच घालता येतो आणि मूळ आकड्यांना हात लावावा लागत नाही. नेटवर्क विश्लेषणात अशी सोय नाही. तिथे सहसंबंध थेट आपण दिलेल्या मॅट्रिक्सवरून काढला जातो, त्यामुळे जे काढायचे ते मॅट्रिक्समधून आधीच काढावे लागते. हा लेख त्या आधीच्या टप्प्याविषयी आहे. उदाहरणासाठी मी माणसाच्या अनेक ऊतींतील जनुक-अभिव्यक्ती नोंदवणाऱ्या जीटीईएक्स प्रकल्पातील फुफ्फुसाच्या नमुन्यांचा आधार घेणार आहे, कारण तो डेटा खुला आहे, त्याच्यासोबत नमुन्यांची भरपूर माहिती मिळते, आणि या कामात जितके खड्डे असू शकतात तितके सगळे त्यात आहेत. प्रकल्पाच्या आठव्या आवृत्तीत 948 दात्यांच्या 54 प्रकारच्या ऊतींचे 17,382 नमुने आहेत, आणि हे सर्व नमुने मृत्यूनंतर घेतलेले आहेत.

आधी प्रश्न लिहून काढा, मग सहचलांची यादी करा

ज्यांना आपण प्रयोगशाळेत सर्रास कोव्हेरिएट म्हणतो, ते सहचल, म्हणजे आकड्यांवर परिणाम करू शकणारे वय किंवा बॅच यांसारखे चल, स्वतःहून नको असलेले किंवा हवे असलेले नसतात. ते तुमच्या प्रश्नावर ठरते. वयानुसार फुफ्फुसातील जनुकांचे जाळे कसे बदलते, हा प्रश्न असेल तर वय हाच अभ्यासाचा विषय आहे. धूम्रपानाचा परिणाम शोधायचा असेल तर तेच वय अडथळा ठरते. म्हणून संगणक सुरू करण्याआधी एका कागदावर तीन रकाने करावेत: ठेवायचे, काढायचे आणि अजून न ठरलेले. प्रत्येक नावापुढे एका वाक्यात कारण लिहावे. हे काम मॉड्यूल पाहण्याआधीच करायचे, कारण एकदा मॉड्यूल डोळ्यांसमोर आले की आपल्या आवडत्या मॉड्यूलला धक्का लावणारा प्रत्येक सहचल ‘ठेवायचा’ वाटू लागतो. हा मोह मला आजही होतो.

फुफ्फुसाच्या बाबतीत काढायच्या रकान्यात साधारणपणे या गोष्टी येतील: आरएनए वेगळा करण्याची बॅच, सिक्वेन्सिंगची बॅच, आरएनएची शाबूतता दाखवणारा 1 ते 10 या पट्टीवरचा आरआयएन, मृत्यूपासून ऊती जतन करेपर्यंत गेलेला काळ म्हणजे इस्केमिक काळ, आणि सिक्वेन्सिंगच्या दर्जाची मोजमापे, उदाहरणार्थ जनुकाच्या एक्झॉन या भागांत पडलेल्या रीड्सचे (सिक्वेन्सरने वाचलेल्या तुकड्यांचे) प्रमाण. लिंग आणि वय कुठे जातील ते प्रश्नावर अवलंबून. ऊतीतील पेशींचे प्रमाण मी नेहमी ‘न ठरलेले’ या रकान्यात टाकतो. त्यावर पुढे सविस्तर लिहिले आहे.

बॅचची माहिती हाताशी नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. इल्युमिनाच्या यंत्रांच्या फास्टक्यू या कच्च्या डेटाच्या फाइलमध्ये प्रत्येक रीडच्या शीर्षकाच्या ओळीत यंत्राचा क्रमांक, रनचा क्रमांक, फ्लोसेलची ओळख आणि लेन हे सगळे विसर्गचिन्हांसारख्या दोन टिंबांनी वेगळे करून लिहिलेले असते. सार्वजनिक संग्रहातून उतरवलेल्या फाइलींमध्ये ही शीर्षके कधीकधी पुसलेली असतात, पण असतील तर ती सोन्याची खाण आहे. मानव आणि उंदीर यांच्या ऊतींची तुलना करणारा एक गाजलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात नमुने ऊतींनुसार नव्हे तर प्रजातींनुसार एकत्र येत होते, म्हणजे माणसाचे यकृत उंदराच्या यकृतापेक्षा माणसाच्याच इतर अवयवांच्या जवळचे दिसत होते. योआव गिलाड आणि ऑर्ना मिझराही-मान यांनी 2015 मध्ये याच शीर्षकांवरून सिक्वेन्सिंगची रचना पुन्हा उभी केली, तेव्हा पाच बॅचपैकी एकाच बॅचमध्ये दोन्ही प्रजाती एकत्र असल्याचे आढळले. बॅचचा परिणाम काढल्यावर नमुने ऊतींनुसार जमू लागले.

या प्रसंगातून पुढची पायरी आपोआप निघते. ठेवायचा प्रत्येक चल आणि काढायचा प्रत्येक चल यांचा आडवा-उभा तक्ता करून पाहावा. सर्व रुग्ण एका बॅचमध्ये आणि सर्व निरोगी दुसऱ्या बॅचमध्ये असतील, तर कोणतेही सॉफ्टवेअर ते वेगळे करू शकत नाही. युरोपीय आणि आशियाई वंशाच्या लोकांमध्ये हजाराहून अधिक जनुकांची पातळी वेगळी असल्याचा 2007 सालचा एक निष्कर्ष याच मुद्द्यावर वादात सापडला, कारण दोन्ही गटांच्या नमुन्यांवरची प्रक्रिया बहुतांशी वेगवेगळ्या वर्षांत झाली होती. असा तक्ता समोर आला तर समायोजनाचा विचार सोडावा आणि प्रश्नच बदलावा, किंवा एकाच बॅचपुरते नेटवर्क बांधावे.

मॅट्रिक्स तयार करणे

हा भाग परिचयाचा असल्याने थोडक्यात सांगतो, मात्र क्रम चुकवू नये. ज्या जनुकांचे काउंट, म्हणजे त्यांच्यावर पडलेल्या रीड्सच्या संख्या, बहुतेक सर्व नमुन्यांत नगण्य आहेत ती आधी गाळावीत. 90 टक्क्यांहून अधिक नमुन्यांत काउंट 10 पेक्षा कमी असेल तर ते जनुक काढावे, हा डब्ल्यूजीसीएनएच्या कर्त्यांनीच सुचवलेला साधा निकष पुरतो. नंतर लायब्ररीच्या आकारासाठी (नमुन्यातील एकूण रीड्सच्या संख्येसाठी) नॉर्मलायझेशन, आणि त्यानंतर प्रसरण स्थिर करणारे रूपांतर. डीईसेक2 पॅकेजमधले व्हीएसटी हे रूपांतर किंवा टीएमएम पद्धतीने नॉर्मलाइझ केलेले लॉग-सीपीएम (दर दहा लाख रीड्समागच्या काउंटचा लॉग), दोन्ही चालतात. कच्च्या काउंटवर साधे रेषीय समायोजन कधीही करू नये, कारण तिथे मोठ्या संख्यांचे प्रसरणही मोठे असते आणि वजाबाकीनंतर ऋण काउंट येतात, ज्यांना काही अर्थ नाही. दोन गटांत वेगळी दिसणारी जनुकेच निवडून नेटवर्क बांधण्याची पद्धतही टाळावी. अशी जनुके व्याख्येनेच एकमेकांशी सहसंबद्ध असतात. त्यांतून एक किंवा दोन प्रचंड मॉड्यूल निघतात आणि स्केल-फ्री रचनेचे (मोजक्या जनुकांना खूप जोडण्या आणि बहुतेकांना थोड्या) गृहीतकही कोसळते.

याच टप्प्यावर दोन तपासण्या कराव्यात. पहिली लिंगाची: एक्सआयएसटी हे जनुक स्त्रियांच्या नमुन्यांत आणि आरपीएस4वाय1, डीडीएक्स3वाय, केडीएम5डी ही वाय गुणसूत्रावरची जनुके पुरुषांच्या नमुन्यांत दिसली पाहिजेत. दोन अक्षांवर ही मूल्ये मांडली की नमुने दोन स्वच्छ पुंजक्यांत पडतात, आणि एखादा नमुना चुकीच्या पुंजक्यात असेल तर नळ्यांची अदलाबदल झाली आहे असे समजावे. ज्या नमुन्याचे नावच चुकीचे आहे त्याचे वय, आरआयएन आणि बॅच हे सगळेच चुकीचे असणार, आणि समायोजन त्याला आणखी बिघडवेल. दुसरी तपासणी भरकटलेल्या नमुन्यांची. नमुन्यांचे हायरार्किकल क्लस्टरिंग करून, तसेच प्रत्येक नमुन्याची इतर नमुन्यांशी असलेली एकूण जोडणी प्रमाणित करून पाहावी. इतरांपेक्षा फारच तुटलेला नमुना काढून टाकावा, पण ही तपासणी समायोजनानंतर पुन्हा एकदा करावी, कारण काही नमुने केवळ बॅचमुळे भरकटलेले दिसतात आणि नंतर ओळीत येतात.

कोणता सहचल खरोखर काम करतो आहे

यादीत वीस सहचल असले तरी वीसही काढायचे नसतात. मॅट्रिक्सचे पहिले दहाएक प्रमुख घटक (प्रिन्सिपल कॉम्पोनंट, म्हणजे आकडे ज्या दिशांनी सर्वांत जास्त बदलतात त्या) मोजून घ्यावेत आणि प्रत्येक घटकाचा प्रत्येक सहचलाशी किती संबंध आहे याचा रंगीत तक्ता करावा. संख्यात्मक सहचलासाठी सहसंबंध आणि गटवाचक सहचलासाठी एकमार्गी प्रसरण विश्लेषणातील आर-वर्ग वापरावा. सोबत व्हेरिएन्सपार्टिशन हे पॅकेज चालवल्यास प्रत्येक जनुकाच्या प्रसरणाचा किती वाटा कोणत्या सहचलाकडे जातो ते कळते. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचावेत, कारण पहिला तक्ता जनुकसमूहाची सामाईक दिशा दाखवतो आणि नेटवर्क बिघडवते ती हीच सामाईक दिशा. एखादा सहचल मोजक्या जनुकांचे प्रसरण खूप बदलत असेल पण कोणत्याही प्रमुख घटकात दिसत नसेल, तर त्याचा जाळ्यावरचा परिणाम स्थानिक असतो.

सहचलांचे आपापसांतले संबंधही पाहावेत. आरआयएन, इस्केमिक काळ आणि एक्झॉनमधील रीड्सचे प्रमाण हे तिघे बहुधा हातात हात घालून चालतात. तिघांनाही मॉडेलमध्ये घातले तर गुणांक अस्थिर होतात. अशा वेळी जैविकदृष्ट्या समजावून सांगता येईल असा एक निवडावा, किंवा दर्जाच्या सर्व मोजमापांचे एकत्र प्रमुख घटक काढून त्यांतले पहिले दोन-तीन वापरावेत.

किती सहचल परवडतात, याचा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये. नमुने 24 असतील तर दोन असंबद्ध जनुकांमधला सहसंबंध निव्वळ योगायोगाने शून्याभोवती सुमारे 0.21 इतक्या प्रमाण विचलनाने हलतो, कारण ते विचलन 1 भागिले 23 चे वर्गमूळ इतके असते. आता दहा सहचल रेषीय पद्धतीने काढले, तर उरलेले आकडे 13 स्वातंत्र्य मात्रांतच (स्वतंत्रपणे बदलू शकणाऱ्या आकड्यांच्या संख्येतच) फिरतात आणि तेच विचलन 0.28 होते. आवाज कमी करायला निघालो आणि त्यात भर घातली, असा हा प्रकार आहे, आणि नेटवर्कचे सॉफ्टवेअर ते कुठेही दाखवत नाही. त्याला अजूनही 24 नमुनेच दिसतात. डब्ल्यूजीसीएनएचे कर्ते 15 पेक्षा कमी नमुन्यांवर नेटवर्क बांधू नये आणि शक्यतो किमान 20 असावेत असे सांगतात. माझ्या मते हा निकष नमुन्यांच्या संख्येला नव्हे, तर सहचल वजा केल्यावर उरलेल्या स्वातंत्र्य मात्रांना लावावा.

चलांचे लेखन: इथे सर्वांत जास्त चुका होतात

जीटीईएक्समध्ये मृत्यू कसा झाला हे हार्डी मापनश्रेणीवर 0 ते 4 या अंकांत नोंदलेले आहे. 1 म्हणजे हिंसक व जलद मृत्यू, 2 म्हणजे नैसर्गिक कारणाने जलद मृत्यू, 3 म्हणजे मधला, 4 म्हणजे दीर्घ आजारानंतरचा संथ मृत्यू. आणि 0? 0 म्हणजे ‘सर्वांत जलद’ नव्हे, तर व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण. हा रकाना संख्या म्हणून मॉडेलमध्ये घातला तर सॉफ्टवेअर निमूटपणे 0 पासून 4 पर्यंत एक सरळ रेषा ओढेल, एकही चेतावणी देणार नाही, आणि फुफ्फुसाच्या डेटातला बहुधा सर्वांत मोठा परिणाम अर्धवट तसाच राहील. व्हेंटिलेटरवर राहिलेल्या फुफ्फुसात आणि घरी अचानक थांबलेल्या फुफ्फुसात किती फरक असणार, हे सांगायला जीवशास्त्रज्ञ लागत नाही. म्हणून अंकांत लिहिलेला प्रत्येक रकाना आधी उघडून, त्याची माहितीपुस्तिका वाचून, तो फॅक्टर (गटवाचक चल) करायचा की संख्या ठेवायचा हे ठरवावे. बॅच 1, 2, 3 अशी लिहिलेली असते तेव्हाही हीच गफलत होते.

संख्यात्मक सहचलांचा परिणाम दर वेळी सरळ रेषेत नसतो. आरएनएची झीज आरआयएन 8 वरून 7 वर येताना आणि 6 वरून 5 वर येताना सारखीच असेलच असे नाही. नमुने पुरेसे असतील तर आरआयएनचा वर्गही मॉडेलमध्ये घालून पाहावा. एखाद्या नमुन्याचे मूल्य रिकामे असेल तर तो नमुना गाळायचा की सहचल सोडायचा हा निर्णय उघडपणे घ्यावा. रिकाम्या जागी सरासरी भरून गप्प बसू नये.

प्रत्यक्ष समायोजन

तत्त्व सोपे आहे. प्रत्येक जनुकासाठी एकच रेषीय मॉडेल बसवायचे, त्यात ठेवायचे आणि काढायचे असे दोन्ही प्रकारचे चल एकत्र घालायचे, आणि मग फक्त काढायच्या चलांचा अंदाजित वाटा मूळ मूल्यातून वजा करायचा. दोन्ही एकत्र घालणे महत्त्वाचे असते. बॅच एकटीच मॉडेलमध्ये घातली आणि रुग्णांचे प्रमाण बॅचनुसार थोडे कमीजास्त असेल, तर बॅचच्या नावाखाली रोगाचा काही भागही निघून जातो.

साधने तीन. लिमा पॅकेजमधील रिमूव्ह-बॅच-इफेक्ट हे फंक्शन साधे, जलद आणि समजायला सोपे आहे. त्यात दोन बॅचचे चल, संख्यात्मक सहचलांचे मॅट्रिक्स आणि ठेवायच्या चलांसाठी डिझाइन मॅट्रिक्स वेगवेगळे द्यावे लागते. डिझाइन द्यायला विसरलात तर ठेवायचे काहीच नाही असे ते समजते. दुसरे साधन कॉम्बॅट, जे जॉन्सन, ली आणि राबिनोविक यांनी 2007 मध्ये मायक्रोअ‍ॅरेसाठी मांडले. ते बॅचची सरासरीच नव्हे तर प्रसरणही जुळवते आणि त्यासाठी सर्व जनुकांकडून माहिती उसनी घेते, त्यामुळे लहान बॅचमध्येही अंदाज फार भरकटत नाहीत. ज्या बॅचमध्ये एकच नमुना आहे तिथे मात्र प्रसरणाचा अंदाज शक्यच नसतो आणि केवळ सरासरी जुळवावी लागते. कॉम्बॅट बॅचसाठी आहे; आरआयएनसारखा संख्यात्मक सहचल काढून टाकण्यासाठी ते बनवलेले नाही.

तिसरे साधन डब्ल्यूजीसीएनए पॅकेजमध्येच आहे: एम्पिरिकल-बेझ-एलएम. नेटवर्कच्या कामासाठी माझा कल याच्याकडे आहे. यात काढायचे आणि ठेवायचे सहचल स्पष्टपणे दोन वेगळ्या जागी द्यायचे असतात, त्यामुळे सुरुवातीला कागदावर केलेले रकाने जसेच्या तसे संगणकात उतरतात. गुणांक सर्व जनुकांच्या मिळून अंदाजाकडे थोडे ओढले जातात. भरकटलेल्या मूल्यांना कमी वजन देण्याची सोय आहे. आणखी एक उपयुक्त सोय म्हणजे मॉडेल काही निवडक नमुन्यांवरच बसवता येते, उदाहरणार्थ फक्त निरोगी नमुन्यांवर, आणि त्यातून मिळालेले गुणांक सर्वांना लावता येतात. वयाचा परिणाम निरोगी व्यक्तींवरून शिकून रुग्णांतून वजा करायचा असेल तर ही पद्धत कामी येते, पण निरोगी नमुन्यांच्या वयाचा पल्ला रुग्णांच्या पल्ल्याइतका तरी असावा.

आणि आता एक क्षुल्लक वाटणारी, पण दिवस खाणारी गोष्ट. लिमा आणि कॉम्बॅट यांना जनुके ओळींत आणि नमुने स्तंभांत हवे असतात. डब्ल्यूजीसीएनएला नेमके उलटे. मॅट्रिक्स आडवे-उभे करायला विसरण्याचा घोटाळा माझ्याही हातून झालेला आहे, आणि दुसरा घोटाळा त्याहून वाईट: माहितीच्या तक्त्यातील नमुन्यांचा क्रम मॅट्रिक्समधील क्रमाशी न जुळणे. यात संगणक तक्रार करत नाही, आकडे बदलतात आणि बॅचचा परिणाम मात्र तसाच राहतो. समायोजनाच्या ओळीच्या आधीच दोन्हीकडची नावे तंतोतंत जुळतात का हे तपासणारी आणि न जुळल्यास कार्यक्रम थांबवणारी एक ओळ कायमची लिहून ठेवावी.

जीटीईएक्ससारख्या डेटात बॅचची संख्या मोठी आणि प्रत्येकीत नमुने थोडे असतात. प्रत्येक बॅचला वेगळा स्थिर गुणांक दिला तर स्वातंत्र्य मात्रा भराभर संपतात. अशा वेळी बॅच हा यादृच्छिक परिणाम म्हणून मिश्र मॉडेलमध्ये घालावा, किंवा बॅचऐवजी तिच्या मागचे मोजता येणारे कारण, म्हणजे दर्जाची मोजमापे, वापरावे.

ज्यांची नोंदच झालेली नाही असे परिणाम

किटचा लॉट, नळी किती वेळ बाहेर राहिली, त्या दिवशी कोणाचा हात होता, हे क्वचितच तक्त्यात असते. यासाठी एसव्हीए, आरयूव्ही, पीईईआर अशा पद्धती आहेत, ज्या आकड्यांमधूनच लपलेले घटक शोधतात. पण त्यांचा जन्म दुसऱ्या कामासाठी झालेला आहे. दोन गटांची तुलना करताना हजारो जनुकांना एकत्र हलवणारा घटक हा उपद्रव मानता येतो. नेटवर्क विश्लेषणात आपण शोधत असलेले मॉड्यूल म्हणजे तरी दुसरे काय? तेही जनुकांना एकत्र हलवणारा घटकच असते.

तरीही त्यांना सरसकट नकार देता येत नाही. पारसाना आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये जीटीईएक्सच्याच डेटावर दाखवले की सहअभिव्यक्तीच्या जाळ्यातून प्रमुख घटक काढल्यास खोट्या जोडण्या कमी होतात. किती घटक काढायचे हे एसव्हीए पॅकेजमधील क्रमबदलावर आधारित पद्धतीने ठरवता येते. मी असे सुचवेन: जनुका-जनुकांतल्या थेट जोडण्या हव्या असतील तर लपलेले घटक काढावेत. व्यापक मॉड्यूल आणि त्यांचा एखाद्या गुणधर्माशी संबंध हवा असेल तर आधी नोंदलेले सहचल काढावेत, उरलेल्या आकड्यांचे प्रमुख घटक पाहावेत, आणि एखादा घटक तांत्रिक मोजमापाशी स्पष्टपणे जुळत असेल तरच काढावा. सात घटक काढले की चित्र ‘स्वच्छ’ दिसते, एवढे कारण पुरेसे नाही.

पेशींचे प्रमाण: काढावे की ठेवावे

जीटीईएक्सच्या फुफ्फुसांच्या नमुन्यांवर 2016 मध्ये झालेल्या एका सविस्तर विश्लेषणात असे दिसले की जनुकांचे कित्येक मोठे पुंजके तुकडा फुफ्फुसाच्या नेमक्या कोणत्या भागातून घेतला गेला त्यामुळे तयार होत होते: एका तुकड्यात दुसऱ्या प्रकारचे न्यूमोसाइट जास्त, दुसऱ्यात श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी जास्त. एसएफटीपीसी, एसएफटीपीबी यांसारखी सर्फॅक्टंटची जनुके अशा जाळ्यात अतिशय घट्ट बांधलेली दिसतील. हे मॉड्यूल खोटे नाही. ती जनुके खरोखरच एका प्रकारच्या पेशीत एकत्र काम करतात. पण नमुन्या-नमुन्यांत ते वरखाली होण्याचे कारण पेशीच्या आतले नियमन नसून सुरी कुठे पडली हे असू शकते. मेंदूच्या ऊतींवर 2008 मध्ये ओल्डहॅम आणि सहकाऱ्यांनी केलेल्या कामात तर अशीच मॉड्यूल न्यूरॉन आणि ग्लिया यांचे प्रकार ओळखण्यासाठी कामी आली.

त्यामुळे निर्णय प्रश्नाकडे परत जातो. पेशींचे प्रमाण रोगामुळेच बदलत असेल, उदाहरणार्थ दाहामुळे न्यूट्रोफिल वाढत असतील, तर ते काढून टाकणे म्हणजे रोगाचा परिणामच वजा करणे होय. ते नमुना घेण्याच्या अपघातामुळे बदलत असेल तर काढावे. दोन्ही शक्यता खुल्या असतील, आणि बहुधा असतातच, तर दोन नेटवर्क बांधावीत आणि दोन्ही दाखवावीत.

समायोजन झाले की नाही, कसे ओळखावे

सहचल आणि प्रमुख घटक यांचा रंगीत तक्ता पुन्हा काढावा. काढलेल्या सहचलांचे रंग विझलेले आणि ठेवलेल्यांचे टिकलेले दिसावेत. पण ही तपासणी काहीशी स्वतःचीच पाठ थोपटून घेणारी आहे, कारण रेषीय परिणाम आपणच वजा केलेला असतो. अधिक बोलकी तपासणी म्हणजे यादृच्छिकपणे निवडलेल्या काही हजार जनुक-जोड्यांच्या सहसंबंधांचे वितरण. मोठा तांत्रिक परिणाम असताना ते वितरण पसरट आणि बहुधा उजवीकडे सरकलेले असते. समायोजनानंतर त्याचे शिखर शून्याजवळ यायला हवे.

त्याच वेळी जे टिकायला हवे ते टिकले का हेही पाहावे. रायबोसोमच्या प्रथिनांची जनुके एकमेकांशी बांधलेली राहिली पाहिजेत. लिंग ठेवायच्या रकान्यात असेल तर वाय गुणसूत्रावरची जनुके एकत्र असली पाहिजेत, आणि लिंग काढले असेल तर ती जोडणी बरीचशी नाहीशी झाली पाहिजे. एचबीए1, एचबीए2 आणि एचबीबी या हिमोग्लोबिनच्या जनुकांचे मॉड्यूल दिसले तर तुकड्यात रक्त किती होते ते समजते.

एक तपासणी मी जीटीईएक्सवर काम करणाऱ्या प्रत्येकाला आवर्जून करायला सांगतो. पीआरएसएस1, पीएनएलआयपी, सीएलपीएस आणि सीईएलए3ए ही जनुके स्वादुपिंडाची. फुफ्फुसात त्यांचे काही काम नाही. तरीही ती इतर ऊतींच्या नमुन्यांत अल्प प्रमाणात आढळतात, आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले की त्याच दिवशी स्वादुपिंडाचे नमुने सिक्वेन्स झाले असतील तर हा दूषितपणा अधिक असतो. अन्ननलिकेच्या केआरटी4 आणि केआरटी13 यांचेही तसेच. आता विचार करा: नमुन्या-नमुन्यांत एकाच वेळी वरखाली होणारी, एकमेकांशी अत्युच्च सहसंबंध असलेली, कार्याच्या दृष्टीने सुसंगत जनुके. ‘पचनाशी निगडित’ असे चकचकीत मॉड्यूल फुफ्फुसातून निघेल आणि समृद्धी विश्लेषणात (मॉड्यूलमध्ये कोणत्या कार्याची जनुके अपेक्षेपेक्षा जास्त आहेत हे पाहणाऱ्या तपासणीत) त्याचे पी-मूल्य डोळे दिपवील.

सॉफ्ट-थ्रेशोल्डचा, म्हणजे सहसंबंधाचा घात निवडण्याचा, आलेखही निदानाचे काम करतो. अनसाइन्ड (सहसंबंधाचे चिन्ह न पाहणाऱ्या) जाळ्यात 15 च्या आतल्या आणि साइन्ड जाळ्यात 30 च्या आतल्या घाताला स्केल-फ्री जुळणीचा निर्देशांक 0.8 च्या वर जात नसेल आणि सरासरी जोडणी शेकड्यांतच राहत असेल, तर नमुन्यांच्या एखाद्या गटाला बाकीच्यांपासून तोडणारा जोरदार घटक अजून आत आहे असे समजावे. तो घटक तांत्रिक असेल तर मागे जाऊन काढावा; तो तुमच्या अभ्यासाचाच विषय असेल तर ठेवावा आणि घात नमुन्यांच्या संख्येनुसार निवडावा, म्हणजे 40 पेक्षा जास्त नमुने असतील तर अनसाइन्डसाठी 6 आणि साइन्डसाठी 12. आलेख सुंदर दिसेपर्यंत सहचल काढत राहणे ही मात्र लबाडी आहे.

मॉड्यूल मिळाल्यानंतरचे दोन हिशेब

समायोजित आकड्यांवरून काढलेल्या मॉड्यूल-आयगनजीनचा (मॉड्यूलच्या पहिल्या प्रमुख घटकाचा) रोगाशी सहसंबंध काढला की येणारे पी-मूल्य आशावादी असते, कारण समायोजनात खर्च झालेल्या स्वातंत्र्य मात्रा त्यात धरलेल्या नसतात. निगार, रॉडलँड आणि होविग यांनी 2016 मध्ये याहून गंभीर गोष्ट दाखवली: गट ठेवून बॅच काढली आणि गटांची बॅचमधली वाटणी असमान असेल, तर गटांमधला फरक प्रत्यक्षाहून अधिक खात्रीचा भासतो. यावर पहिला उपाय असा की आयगनजीनसाठी रेषीय मॉडेल बसवताना रोगासोबत काढलेले सर्व सहचल पुन्हा घालावेत, म्हणजे स्वातंत्र्य मात्रांचा हिशेब पुरा होतो. दुसरा उपाय म्हणजे रोग ठेवायच्या यादीत न घालता समायोजनाची दुसरी प्रत तयार करावी. वाटणी समतोल असेल तर दोन्ही प्रतींतून जवळजवळ सारखेच उत्तर येते. फार वेगळे आले तर पुन्हा त्या आडव्या-उभ्या तक्त्याकडे जावे.

शेवटी असमायोजित, नेमस्त समायोजित आणि लपलेले घटकही काढलेल्या अशा तीन मॅट्रिक्सवर मॉड्यूल-प्रिझर्व्हेशन (एका जाळ्यातले मॉड्यूल दुसऱ्यात टिकते का हे मोजणारी तपासणी) चालवावे. एकात सापडलेल्या मॉड्यूलचा झेड-समरी हा निर्देशांक दुसऱ्यात 10 च्या वर असेल तर ते भक्कम टिकले, 2 ते 10 असेल तर काही प्रमाणात, आणि 2 च्या खाली असेल तर टिकल्याचा पुरावा नाही. हे तिन्ही एकाच नमुन्यांवरून काढलेले असल्याने इथला मोठा आकडा स्वतंत्र डेटावरच्या आकड्याइतका मोलाचा नाही. लहान आकडा मात्र ऐकावा. असमायोजित मॅट्रिक्समध्ये दिमाखात दिसणारे आणि इस्केमिक काळ काढताच विरघळून जाणारे मॉड्यूल शोधनिबंधाच्या पहिल्या आकृतीत जाता कामा नये. प्रत्येक मॅट्रिक्सच्या फाइलच्या नावात काढलेल्या सहचलांची नावे लिहून ठेवावीत, कारण सहा महिन्यांनी परीक्षकांचा प्रश्न येतो तेव्हा ‘अंतिम’, ‘अंतिम2’ आणि ‘खरेच अंतिम’ या तिघांतून योग्य फाइल शोधण्यात संध्याकाळ जाते.